जुन्या पुस्तकांचा ऑनलाइन व्यापार : नफ्याचे गणित टपालखर्चावर

नवी दिल्ली : जुन्या वस्तू स्वस्तात मिळवून त्या ऑनलाइन विकण्याचा व्यवसाय अल्प भांडवलात सुरू करता येतो. त्यामुळे अनेकांना तो सोपा वाटतो. प्रत्यक्षात त्यातील नफा खरेदीच्या भावापेक्षा पाठवणीच्या खर्चावर अधिक अवलंबून असतो. जुन्या पुस्तकांच्या बाबतीत हे विशेषत्वाने खरे आहे. कारण पुस्तक वजनाने जड आणि किमतीने हलके असते.

मुंबईतील फ्लोरा फाउंटन, पुण्यातील अप्पा बळवंत चौक, कोलकात्यातील कॉलेज स्ट्रीट आणि दिल्लीतील रविवारचा पुस्तकबाजार ही या व्यापाराची जुनी केंद्रे आहेत. तेथून निवडून घेतलेली पुस्तके आता समाजमाध्यमांद्वारे देशभर विकली जातात. उदाहरणादाखल, दिल्लीत ६० रुपयांना घेतलेले ४५० ग्रॅमचे पुस्तक पुण्यातील ग्राहकाला १८० रुपयांत घरपोच द्यायचे ठरले, असे समजू. ऑक्टोबर २०२५ पासून लागू झालेल्या स्पीड पोस्टच्या दरानुसार १,००१ ते २,००० किलोमीटर अंतरासाठी ५०० ग्रॅमपर्यंतच्या पाकिटाला ८६ रुपये आणि त्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर, म्हणजे सुमारे १०१ रुपये लागतात. उरलेल्या १९ रुपयांतून वेष्टनाचा खर्च वजा केल्यास विक्रेत्याच्या श्रमाचे मोल जवळजवळ शून्यावर येते.

पूर्वी या व्यापाराला टपाल खात्याच्या सवलतीच्या नोंदणीकृत पुस्तक टपालाचा आधार होता. डिसेंबर २०२४ मध्ये ती सेवा बंद झाली, तेव्हा प्रकाशक आणि विक्रेते यांच्यातून नाराजी व्यक्त झाली. त्यानंतर १ मे २०२५ पासून टपाल खात्याने ‘ज्ञान पोस्ट’ ही सेवा सुरू केली. तिचे दर ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, तर पाच किलोपर्यंत १०० रुपये असून कर वेगळा आकारला जातो. पाकीट कोठवर पोहोचले, याचा मागोवाही घेता येतो.

या दरांमुळे हिशेब पालटतो. प्रत्येकी ४५० ग्रॅमची दहा पुस्तके एकत्र पाठविल्यास दर पुस्तकामागे मूळ टपालखर्च १० रुपयांवर येतो. म्हणूनच सुटे पुस्तक विकण्यापेक्षा एकाच ग्राहकाला विषयवार संच विकणे विक्रेत्याला परवडते. मात्र या सेवेला मर्यादाही आहेत. पुस्तके भूपृष्ठमार्गाने जात असल्याने घाईतील ग्राहकाला ती सोयीची नाही. व्यापारी स्वरूपाचे वा जाहिराती असलेले साहित्य स्वीकारले जात नाही, आणि पुस्तकावर मुद्रकाचे किंवा प्रकाशकाचे नाव असणे आवश्यक आहे. मुखपृष्ठ व सुरुवातीची पाने गळालेल्या जुन्या प्रतींसाठी ही अट अडचणीची ठरू शकते.

इतर जुन्या वस्तूंना अशी सवलत नाही. खासगी कुरिअर कंपन्या प्रत्यक्ष वजनासोबत खोक्याचे आकारमानही मोजतात; लांबी, रुंदी व उंची यांच्या सेंटिमीटरमधील गुणाकाराला सामान्यतः ५,००० ने भागून येणारे वजन अधिक भरल्यास त्यानुसार पैसे घेतले जातात. त्यामुळे हलका पण मोठा दिवा महाग पडतो. शिवाय मालाचे पैसे पोहोचल्यावर घेण्याच्या व्यवहारात ग्राहकाने पार्सल नाकारले, तर जाण्या-येण्याचा दुहेरी भार विक्रेत्यावर येण्याची शक्यता असते.

करव्यवस्थेतही हाच भेद दिसतो. छापील पुस्तकांवर वस्तू व सेवा कर नाही. जुने कपडे वा शोभेच्या वस्तू ऑनलाइन मंचावरून परराज्यात विकणाऱ्याला मात्र उलाढाल कमी असली तरी सामान्यतः नोंदणी करावी लागते. नोंदणीकृत विक्रेत्याला जुन्या मालावर खरेदी व विक्री किमतीतील फरकापुरताच कर भरण्याचा पर्याय उपलब्ध आहे. मात्र त्यासाठी खरेदीवरील कराची वजावट सोडावी लागते.

या प्रश्नाची व्याप्ती विक्रेत्याच्या नफ्यापुरती नाही. इंदूर, बडोदा, बेळगाव किंवा हैदराबाद येथील मराठी वाचकाला पुनर्मुद्रण न झालेले पुस्तक हवे असेल, तर पुण्या-मुंबईतील जुनी प्रत हाच बहुधा त्याचा मार्ग असतो. टपालदर पुस्तकाच्या किमतीला गाठू लागले, तर विक्रेता अशी प्रत पाठविण्याऐवजी रद्दीत सोडून देईल. सवलतीचा दर टिकणे आणि त्याच्या अटी जुन्या प्रतींनाही सामावून घेणाऱ्या असणे, या दोन गोष्टींवर हा व्यापार आणि त्यावर अवलंबून असलेला दूरचा वाचक, दोघांचेही हित अवलंबून आहे.