सहल चौथ्या माळेला काढावी

वर्गबंधू-भगिनींनो, आणि 15 ऑगस्टच्या कार्यक्रमाला आलेल्या पालकहो,

यंदा आपल्या शाळेची सहल कोकणच्या किनाऱ्याला जाणार आहे. मोठ्या गुरुजींनी परिपाठाला सांगितले तेव्हा आम्ही टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. पण दुसऱ्या दिवशी ठिकाणांची यादी फळ्यावर आली, तेव्हापासून माझे मत थोडे वेगळे झाले आहे. बाई म्हणाल्या, वाटते ते लिही, भिंतीवर लावू. म्हणून लिहिले. लहान तोंडी मोठा घास वाटला तर माफी असावी.

यादी अशी आहे. महिना जानेवारी. दिवस तीन. ठिकाणे नऊ : अलिबाग, मुरूड, हरिहरेश्वर, हर्णै, गणपतीपुळे, रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवण आणि येताना कोल्हापूर. एवढी ठिकाणे का घेतली तेही मला ठाऊक आहे. 2025 च्या जुलै महिन्यात युनेस्कोने मराठ्यांचे 12 किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले. त्यांत समुद्राशी असलेले चार आहेत : खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग. तेव्हा मोठ्या माणसांना वाटले, एकदा गाडी निघतेच आहे तर होतील तेवढे दाखवून टाकू.

पण मी वर्गातल्या नकाशावर दोरा ठेवून मोजले. अलिबागपासून मालवण सुमारे 400 किलोमीटर भरते. त्यात आपल्या गावाहून अलिबागला जायचे आणि मालवणहून परत यायचे, ते वेगळेच. शिवाय गुरुजी सांगतात, किनाऱ्याचा रस्ता सरळ नसतो. मधे मधे खाड्या आत घुसलेल्या असतात. तिथे एकतर गाडी जंगलात, म्हणजे खाडी ओलांडणाऱ्या मोठ्या बोटीत चढवायची, नाहीतर लांबून वळसा घालायचा. मग तीन दिवसांत आपण काय बघणार? खिडकी. मागच्या वर्षीच्या सहलीत एका दिवसात पाच ठिकाणे झाली होती. एक तर गाडीतूनच बघितले. घरी आल्यावर आज्जीने विचारले, काय पाहिलं गं? मला फक्त वडापाव अन् कुणाला उलटी झाली ते आठवले.

माझे मत असे की तीन दिवस तेवढेच ठेवावेत, पण अलिबाग ते मुरूड एवढाच किनारा बघावा. तो 50 किलोमीटरच्या आसपास आहे. आणि सहल जानेवारीत न नेता नवरात्रात, चौथी माळ अलिबागला पडेल अशी काढावी.

चौथी माळच का, ते सांगते. अलिबागचा कुलाबा किल्ला समुद्रात आहे. भरतीला त्याच्या चारी बाजूंनी पाणी असते आणि ओहोटीला तिथे पायी जाता येते. शिवाजी महाराजांनी 1680 मध्ये तो बांधायला सांगितला. त्याच्या तटाचे मोठमोठे दगड चुना न लावता एकावर एक रचले आहेत. गुरुजी म्हणतात, त्यामुळे लाटेचे पाणी फटींतून आत शिरते आणि तिचा जोर मोडतो. आमच्या शेताच्या ताली अशाच रचलेल्या आहेत. बापू म्हणतात, पाण्याला वाट ठेवली नाही तर ताल फुटते. मला हा किल्ला त्यामुळे ओळखीचा वाटतो. आत गणपतीचे देऊळ आहे, आणि समुद्रात असून गोड्या पाण्याचे तळे आहे. सरखेल कान्होजी आंग्रे इथूनच समुद्रावर वचक ठेवत. ते 1729 मध्ये वारले. त्यांची समाधी अलिबाग गावातच आहे.

आता ओहोटी केव्हा, हे कळले पाहिजे. आमचे गुरुजी मूळचे रायगड जिल्ह्यातले. त्यांनी कोळी लोकांचा हिशोब शिकवला. तिथीची पाऊणपट करायची. येईल तेवढ्या वाजता भरती. आजोबांना पाऊणकी अजून पाठ आहे. चार पाऊणे तीन. म्हणजे चतुर्थीला दुपारी तीनला भरती, आणि तिच्या सहा तास आधी, सकाळी नऊला ओहोटी. आपण आठला पाण्याकाठी उभे राहायचे, पाणी उतरेल तसे चालत जायचे आणि साडेदहाच्या आत परत यायचे. नक्की वेळ तिथल्या माणसांना विचारावीच लागेल. पण अष्टमीला गेलो तर ओहोटी दुपारी बाराला, अन् तीही अर्धवट. अष्टमीला भरती-ओहोटी लहान असते, तिला भांग म्हणतात. अमावास्या-पौर्णिमेला मोठी असते, ते उधाण. चतुर्थी उधाणाच्या जवळ पडते म्हणून पाणी बरेच खाली जाते. जानेवारीची तारीख ठरवताना हा हिशोब कुणी केलेला नाही. मी कॅलेंडरात बघितले, त्या दिवशी अष्टमीच आहे.

कुलाब्याहून निघालो की रेवदंडा. तिथे पोर्तुगीजांच्या किल्ल्याचा तट आहे. खाडीपलीकडे कोर्लई. कोर्लई गावात आजही काही लोक घरात पोर्तुगीजातून झालेली भाषा बोलतात. मला त्यांच्या मुलांशी बोलायचे आहे. त्यांना आपली भाषा येते, आपल्यालाच त्यांची येत नाही. मग मुरूड. दुपारी राजपुरीहून शिडाच्या होडीतून जंजिरा बघायचा. त्याचा दरवाजा लांबून दिसतच नाही, अगदी जवळ गेल्यावर दिसतो. आत कलालबांगडी तोफ आहे. हा किल्ला शिवाजी महाराजांना मिळाला नाही. संभाजी महाराजांनी 1682 मध्ये समुद्रात दगडांची भर घालून सेतू बांधायला घेतला, तरी मिळाला नाही. 1948 मध्ये जंजिरा संस्थान भारतात आले तेव्हा तो आपला झाला. युनेस्कोच्या त्या यादीत कुलाबा नाही आणि जंजिराही नाही. म्हणून काय झाले? आपण काही यादी बघायला चाललो नाही.

आता खरी गोष्ट लिहिते.

आमच्या चौथीत 19 मुले आहेत. त्यांतली सहा उसाला जातात. दसरा झाला की मुकादमाचा ट्रक येतो आणि भांडीकुंडी, शेळ्या, लेकरे सगळे त्यात बसते. दोघे हंगामी वसतिगृहात राहतात, पण चौघे आईबापांबरोबर जातातच. माझ्या बाकावरची मैत्रीण त्या चौघांत आहे. तिला फडाजवळच्या कोपीत धाकट्या भावाला सांभाळावे लागते. ती परीक्षेच्या वेळेला परत येते. वर्गात जंजिऱ्याचे जे चित्र लावले आहे ना, बुरुजांचे, निळ्या खडूने पाणी काढलेले, ते तिचे आहे. पाणी खोल दिसावे म्हणून तिने पाटीवरची राख घासली होती. समुद्र तिने पाहिलेला नाही. सहल जानेवारीत आहे म्हटल्यावर ती म्हणाली, "तू बघून ये, अन् मला सांग."

मी काय सांगणार? माझ्याच्याने असले सांगणे होत नाही. आणि आपली शाळा चौथीपर्यंतच आहे. पुढच्या वर्षी आम्ही कुठे कुठे जाऊ कोण जाणे. तेव्हा पुढच्या सहलीला बघू, असे या चौघांच्या बाबतीत म्हणता येणार नाही.

यावर मोठी माणसे तीन गोष्टी म्हणतात. आज्जी म्हणते, घट बसलेला असताना लेकरे घराबाहेर कशाला? मी तिला म्हटले, घटापाशी तू बसतेस, मला तर तू शिवूसुद्धा देत नाहीस. ती हसली, पण हो म्हणाली नाही. दुसरे, पाऊस. पावसाळ्यात होड्या बंद असतात हे खरे. नवरात्रापर्यंत त्या सुरू होतात. पाऊस आलाच तर भिजू.

तिसरी अडचण मात्र खरी आहे. उसाला जाणाऱ्यांना उचल मिळते ती निघायच्या सुमाराला. त्याआधी घरात पैसा नसतो. सहलीची वर्गणी ते आज कुठून देणार? एस.टी.त शाळेच्या सहलीला निम्मे भाडे पडते. किलोमीटर कमी झाले की तेही कमी होईल. मुक्काम तिथल्या एखाद्या शाळेत करता येईल, भाकरी-चटणी बरोबर नेता येईल. सगळ्यांनीच आजपासून आठवड्याला थोडे थोडे बाईंकडे जमा केले तर एकदम ओझे पडणार नाही. तरीही काहीजणांचे पुरे होणार नाहीत. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. ते शाळा समितीतल्या मोठ्यांनी काढावे. त्यांच्या लेकरांना सोडून जाणे, हे उत्तर मला पटत नाही एवढेच.

तारखांचा हिशोब मी चौथीच्या वर्गात फळ्याशेजारच्या कॅलेंडरावर पेन्सिलीने केला आहे. चुकला असेल तर खोडून दुरुस्त करावा, खोडरबर खिडकीत ठेवले आहे. आणि उसाला जाणाऱ्या पालकांनी आज घरी जाण्याआधी आपला ट्रक कोणत्या तारखेला निघणार ते बाईंना सांगून जावे.

— इयत्ता चौथीतील एक विद्यार्थिनी