१ जूनचे चढाईपटू

महसूल विभागाच्या एका आदेशाची झळ कबड्डीच्या निवड चाचणीला बसेल, हे आदेश काढणाऱ्यांच्या ध्यानीमनीही नसेल. केवळ आधार कार्ड पाहून दिलेले विलंबित जन्मदाखले रद्द करा, असे नोव्हेंबर २०२५ मध्ये राज्यातल्या अधिकाऱ्यांना सांगण्यात आले. त्याआधी १२ मार्च २०२५ च्या शासन निर्णयाने जन्माची उशिरा नोंद करण्याची वाट अरुंद केलीच होती. बनावट दाखल्यांचा बाजार थांबवायचा होता आणि त्या हेतूबद्दल कोणाचे दुमत असायचे कारण नाही. पण पालघर जिल्ह्यातल्या मोखाड्याच्या पाड्यावर घरीच जन्मलेल्या मुलाजवळ आधार आणि शाळेचा दाखला यांखेरीज दुसरा कागद सहसा नसतो, आणि किशोर किंवा कुमार गटाच्या चाचणीला टेबलावर सर्वांत आधी मागतात तो जन्मदाखला.

या पट्ट्यात मुलांना शिकवणाऱ्या प्रत्येक प्रशिक्षकाला १ जून ठाऊक आहे. शाळा जूनमध्ये उघडते. मुलाला घेऊन आलेल्या बापाला नागलीच्या लावणीचे दिवस आठवतात, त्या साली पाऊस कसा होता तेही आठवते. तारीख मात्र सांगता येत नाही. गुरुजी मुलाच्या अंगकाठीकडे बघतात, सहा वर्षे मागे मोजतात आणि १ जून लिहून मोकळे होतात. जुने जनरल रजिस्टर उघडावे तर निळ्या शाईत एकाखाली एक तीच तारीख उतरत गेलेली दिसते. नावे वेगळी, पाडे वेगळे, जन्म एकाच दिवशी. त्यातला कोणी दोन वर्षे उशिरा शाळेत आलेला असतो, कोणी थोरल्या भावाचा हात धरून वर्षभर आधीच येऊन बसलेला असतो.

जनगणनेच्या कामी ही चूक फार नडत नसेल. चढाईपटूची पारख करताना ती सगळे गणित बिघडवते.

निवड समितीपुढे दोन मुले उभी आहेत असे धरू. दोघेही कागदावर १७ वर्षांचे, दोघांनीही चाचणीत सारखेच गुण घेतले. पहिला प्रत्यक्षात १९ चा आहे. खांदे भरलेत, वाढ संपत आली आहे, आणि आपल्यापेक्षा लहान पोरांच्या साखळीतून तो अंगाच्या जोरावर सुटतो. दुसरा खरा १६ चा. त्याचे पाय अजून वाढताहेत, पण डाव्या कोपऱ्याने घोट्याला हात घालण्याआधीच तो पाय मागे घेतो आणि वळता वळता मध्यरक्षकाला शिवून येतो. समिती पहिल्याला उचलते. तीन वर्षांनी वरिष्ठ गटात ८५ किलोपर्यंतचे गडी समोर येतात, तेव्हा पहिल्याचा जोर पुरत नाही. दुसरा तोवर दिवाळीनंतर घरच्यांबरोबर वीटभट्टीवर गेलेला असतो. जानेवारीत जन्मलेली मुले डिसेंबरच्या मुलांपेक्षा जास्त संख्येने निवडली जातात, हे कॅनडातल्या आइस हॉकीबद्दल रॉजर बार्न्सली यांनी १९८५ मध्येच दाखवून दिले होते. तिथे फरक अकरा महिन्यांचा होता, जन्मदाखले खरे असतानाही. इथे दोन-दोन, तीन-तीन वर्षांचा घोळ आहे आणि तो कोणी मोजलेलाही नाही.

नव्या चढाईपटूचे पुढे काय होईल हे सांगणे एरवीही अवघड. प्रदीप नरवाल २०१५ मध्ये बंगळुरू बुल्सकडून प्रो कबड्डीत उतरला तेव्हा मोजके सामने आणि नगण्य गुण घेऊन परतला. पुढे पाटणा पायरेट्सने त्याला हात दिला आणि २०१७ च्या एकाच हंगामात त्याने चढाईचे ३६९ गुण मिळवले. नवीन कुमार २०१८ मध्ये दबंग दिल्लीकडून खेळला तेव्हा १८ वर्षांचा होता. दुसऱ्याच हंगामात त्याने ३०० चा आकडा ओलांडला. चंदगड तालुक्यातला सिद्धार्थ देसाई यू मुंबाला २०१८ मध्ये ३६ लाख ४० हजारांना मिळाला, त्याने चढाईत २१८ गुण केले आणि २०१९ च्या लिलावात तेलुगू टायटन्सने त्याच्यासाठी १ कोटी ४५ लाख मोजले. नंतर खांद्याने दगा दिला. पुणेरी पलटणचा अस्लम इनामदार नगर जिल्ह्यातला. दहाव्या हंगामात संघ त्याच्या नेतृत्वाखाली विजेता ठरला, तोच त्या हंगामाचा सर्वोत्तम खेळाडू होता, आणि पुढच्याच हंगामात गुडघ्याने त्याला बाहेर बसवले. या चौघांपैकी एकाचाही आलेख पहिल्या दहा सामन्यांवरून काढता आला नसता.

अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू काखेत धरून बचावफळीत घुसणाऱ्या रनिंग बॅकचे काम आपल्या चढाईपटूच्या जवळचे. तिथे दरवर्षी नवोदितांची ४० यार्डांची धाव, उडी, वजन असे सगळे मोजले जाते, कॉलेजच्या प्रत्येक सामन्याचे चित्रण तपासले जाते. तरीही २०१२ मध्ये तिसऱ्या क्रमांकावर निवडलेला ट्रेंट रिचर्डसन तीन हंगामांत संपला, आणि १९९५ मध्ये १९६ व्या क्रमांकावर घेतलेल्या टेरेल डेव्हिसने १९९८ मध्ये २,००८ यार्ड धावून दाखवले. एवढी माहिती हाताशी असून त्यांचे अंदाज चुकतात. आपल्याकडे माहितीच्या नावाने गुणपत्रकाचा एक चुरगळलेला कागद असतो, तोही सामना संपल्यावर मिळेलच असे नाही.

मोखाड्यातले सूर्यमाळचे पठार हा पालघर जिल्ह्यातला सर्वांत उंच भाग. पावसाळ्यात तिथले मैदान चिखल होऊन जाते आणि पोरे त्या चिखलातच खेळतात. अनवाणी, निसरड्यावर तोल सांभाळत केलेल्या चढाईत कमरेखालची जी लवचिकता येते, ती मॅटवर सराव करणाऱ्याला सहज साधत नाही. पण त्याच मुलाला एकदम बूट घालून मॅटवर उभे केले की पाय रुततो, वळताना गुडघ्यावर ताण येतो आणि पहिल्या चार चढायांत तो बावरतो. चाचणीत त्याला मिळतात तेवढ्याच चार चढाया. जिल्ह्याचे ठिकाण घाटाखाली रेल्वेच्या पट्ट्यात. पहाटेची एसटी धरून, जव्हार आणि विक्रमगड मागे टाकून पोचलेल्या मुलाचे पाय तासाभरात मोकळे होत नाहीत, हे समितीला कोणी सांगायचे?

सावरपाड्याची धावपटू कविता राऊत याच डोंगरांच्या पलीकडच्या, हरसूलच्या बाजूची. २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत तिने १०,००० मीटरमध्ये कांस्य मिळवले, त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्य. धावणाऱ्याला घड्याळ न्याय देते. चढाईपटूला न्याय देणारे असे यंत्र नाही, त्याला माणसाची नजर लागते, आणि त्या नजरेला त्याचे खरे वय ठाऊक असावे लागते.

आता या कागदाच्या फेऱ्याकडे पाहू, कारण खरा संताप इथे येतो. १ ऑक्टोबर २०२३ पासून सुधारित जन्म-मृत्यू नोंदणी कायदा लागू झाला. एक वर्षाहून जुन्या जन्माची नोंद करायची तर जिल्हाधिकारी, उपविभागीय अधिकारी किंवा त्यांनी नेमलेला कार्यकारी दंडाधिकारी यांचा आदेश लागतो. त्यासाठी आधी ग्रामपंचायतीकडून नोंद उपलब्ध नसल्याचा दाखला आणायचा. मग अर्ज, पुरावे, जाहीर नोटीस, पोलिसांचा अभिप्राय. पोलीस पाड्यावर येतात तेव्हा घराला कुलूप असते, कारण माणसे भिवंडी-वसईकडे कामाला गेलेली असतात. प्रकरण पुढच्या पावसाळ्यापर्यंत पडून राहते आणि तोवर मुलाचे किशोर गटातले शेवटचे वर्ष निघून जाते.

यात सर्वांत विचित्र गोष्ट पुढेच आहे. एवढे सगळे सोपस्कार झाल्यावर तहसील कार्यालय जन्मतारखेचा पुरावा म्हणून काय बघते? शाळेचा दाखला. त्यावर लिहिलेले असते १ जून. म्हणजे वर्षभराच्या हेलपाट्यांनंतर सरकार शिक्का मारते तो गुरुजींच्या अंदाजावर. आधीचा अंदाज निदान कच्चा होता. आता तो दंडाधिकाऱ्याच्या आदेशाने पक्का होतो, आणि कबड्डी संघटना त्याकडे बोट दाखवून हात झटकते.

हाडांची तपासणी करा, असा सल्ला शहाणे लोक देतात. मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचे वय ठरवण्याची पद्धत क्रिकेट मंडळ १६ वर्षांखालील मुलांसाठी वापरते. पण लहानपणी पोटभर अन्न न मिळालेल्या मुलाची हाडे उशिरा पक्व होतात, हे वैद्यकशास्त्राला चांगले ठाऊक आहे. मोखाड्याचा खरा १७ वर्षांचा मुलगा त्या एक्स-रेत १६ चा किंवा त्याहून लहान दिसू शकतो. जो तालुका कुपोषणासाठी ओळखला गेला, तिथे हे एकच मोजमाप प्रमाण मानणे म्हणजे जुन्या अंदाजाच्या जागी नवा अंदाज आणणे.

उत्तर याच पट्ट्यात आहे. १९९२-९३ मध्ये वावर-वांगणीतले बालमृत्यू उघडकीला आले आणि जव्हार-मोखाड्याकडे सरकारचे डोळे वळले. तेव्हापासून इथल्या अंगणवाड्यांत बाळांची वजने घेणे, त्यांची श्रेणी लावणे, जन्माची नोंद ठेवणे यावर जेवढा भर दिला गेला, तेवढा राज्यातल्या फार थोड्या भागांत दिला गेला असेल. आज कुमार गटात खेळणारी मुले त्या वजनकाट्यावर झोपलेली बाळे आहेत. अंगणवाडीचे सर्वेक्षण रजिस्टर, वाढीचा तक्ता, उपकेंद्रातल्या परिचारिकेची लसीकरण नोंद, आईकडचे माता-बाल संरक्षण कार्ड यांत जन्माचा महिना, पुष्कळदा तारीखही सापडू शकते. त्या नोंदी बाळ पाळण्यात असताना झालेल्या आहेत. खेळात गट मिळवण्यासाठी त्या कोणी खोट्या लिहिलेल्या नाहीत. जिथे उंदीर-वाळवीपासून त्या वाचल्या आहेत, तिथे शाळेच्या १ जूनपेक्षा त्यांना जास्त वजन द्यायला काय हरकत आहे?

या नोंदींचा दुसरा उपयोग फक्त प्रशिक्षकाला कळेल. दोन वर्षांचा असताना मुलगा कोणत्या श्रेणीत होता आणि आज त्याचे वजन किती आहे, हे शेजारी शेजारी ठेवले की त्याचे अंग कसे भरत आले ते दिसते. ५८ किलोचा चढाईपटू ‘अंगानेच कमी’ म्हणून बाजूला काढण्याआधी त्याला सहा महिने अंडी, डाळ, शेंगदाणे मिळाले तर तो कुठे पोचेल, याचा अदमास त्यावरून बांधता येतो.

दोष सगळा सरकारचा नाही, हेही लिहिले पाहिजे. १ जूनचा सोयीस्कर फायदा उठवणारे कबड्डीतच आहेत. दाढी फुटलेले गडी किशोर गटात उतरवून चषक घरी नेणारे संघचालक प्रत्येक जिल्ह्यात सापडतात, आणि त्यांच्यामुळेच खऱ्या वयाच्या मुलाकडेही पंच संशयाने बघतात. असल्या चषकांनी एकही खेळाडू घडलेला नाही. ज्या मुलाला दोन वर्षे लहान करून खेळवले, त्याला वरिष्ठ गटात गेल्यावर बरोबरीच्या गड्याशी कसे खेळायचे तेच माहीत नसते. संघटनांनी तर वर्षानुवर्षे कोर्टकचेरीचे कारण पुढे केले. अखिल भारतीय कबड्डी महासंघाचा कारभार निवडून आलेल्या मंडळाकडे सोपवण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२५ मध्ये दिला, त्याच वर्षी राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदाही झाला. ते कारण आता संपले.

म्हणून जव्हार, मोखाडा, विक्रमगड, वाड्यातल्या प्रत्येक क्रीडाशिक्षकाने आणि मंडळाच्या प्रशिक्षकाने लगेच हातात घ्यावे असे काम आहे. आपल्याकडच्या प्रत्येक मुलाच्या पाड्यावरच्या अंगणवाडीत जावे, सेविकाताईंना विनंती करून जुने रजिस्टर काढायला लावावे, जन्मनोंदीच्या पानाचा फोटो घ्यावा आणि पर्यवेक्षिकेकडून सही-शिक्क्यासह उतारा मिळवावा. तहसीलदारांकडे विलंबित नोंदीचा अर्ज करताना शाळेच्या दाखल्याबरोबर हा उतारा जोडावा, आणि दोन तारखांत तफावत असेल तर ती लपवू नये, अर्जातच लिहावी. उताऱ्याप्रमाणे मुलगा वयाने मोठा निघाला तर त्याला वरच्या गटात खेळवावे. जव्हारच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाने पुढच्या प्रकल्पस्तरीय क्रीडा स्पर्धेच्या वेळी महसूल, महिला व बालविकास आणि आरोग्य या तिन्ही खात्यांची माणसे एका मंडपात बसवली, तर वर्षाचे हेलपाटे एका दिवसात आटोपतील. आदिवासी विकास विभागानेच २०१८ मध्ये चंद्रपूरच्या आश्रमशाळेतल्या मुलांना निवडून, तयार करून एव्हरेस्टवर चढवले आहे. त्यापुढे हे काम किरकोळ आहे.

दुसरे काम मोबाइलचे. प्रत्येक सामन्यात आपल्या चढाईपटूच्या सगळ्या चढायांचे चित्रण मैदानाच्या आडव्या बाजूने करावे आणि वहीत प्रत्येक चढाईपुढे थोडे लिहावे: समोर किती गडी होते, निदान रेषेच्या पुढे किती गेला, गुण हाताने आला की पायाने की नुसता बोनस, पकड झाली तर कोणत्या बाजूने, तिसरी चढाई होती का. सहा किंवा सात गडी असताना बोनसवर दहा गुण जमवणारा आणि तीन गड्यांपुढे अव्वल पकडीचा धोका पत्करून दोन गुण आणणारा, यांतला फरक त्या वहीतच दिसेल. पन्नास चढायांची अशी वही कोणत्याही फ्रँचायझीच्या माणसापुढे ठेवता येते.

जिल्हा संघटनेच्या कार्यवाहांकडे मागणी एकच: पुढच्या हंगामाची किशोर आणि कुमार गटाची एक चाचणी मोखाड्यात घ्यावी, दिवाळीआधी, गावे रिकामी होण्यापूर्वी, आणि मॅट चाचणीच्या आदल्या दिवशी मुलांना सरावासाठी अंथरून द्यावी. प्रशिक्षकांनी जन्मनोंदीचा उतारा आणि चढायांची वही यांची एकेक प्रत चाचणीच्या किमान महिनाभर आधी संघटनेकडे द्यावी आणि त्यावर तारखेसह पोच घ्यावी.