नाव महाविद्यालयाचे, वास्तव्य क्लासमध्ये!

दहावीचा निकाल लागला की कल्याण, डोंबिवली, ठाणे, मुलुंड, पार्ले, बोरिवली या साऱ्या पट्ट्यात घरोघरी एक नवे पंचांग उघडले जाते. गतवर्षी कोणत्या महाविद्यालयाची यादी किती टक्क्यांवर थांबली, कोठे दशांशाने संधी हुकली, याचे गणित रात्र रात्र मांडले जाते. अकरावीची केंद्रीय ऑनलाइन प्रवेशप्रक्रिया मुंबई परिसरात २००९ साली आली आणि २०२५ पासून ती संपूर्ण राज्याला लागू झाली. अर्जात महाविद्यालयांची पसंती नोंदविण्यासाठी दहा रकाने असतात. पहिल्या पसंतीचे महाविद्यालय मिळाले तर तेथेच प्रवेश घ्यावा लागतो. नाकारल्यास पुढील नियमित फेऱ्यांची दारे बंद होतात. म्हणजे पहिला रकाना हा कुटुंबाचा विचारपूर्वक केलेला संकल्पच असावयास हवा. आणि आज हा संकल्प घरात होत नाही, तो क्लासच्या वातानुकूलित कचेरीत होतो.

ज्या मुलाला अभियांत्रिकीला वा वैद्यकीयला जावयाचे आहे त्याच्या पालकांना तेथे शांतपणे सांगितले जाते की, अमुक कनिष्ठ महाविद्यालयाचे नाव लिहा. ते गावात असेल वा दूरच्या तालुक्यात, त्याने काही बिघडत नाही, कारण तेथे जावयाचेच नसते. हजेरी तिकडे लागते, मुलगा इकडे बसतो. याला ‘इंटिग्रेटेड’ असे भारदस्त नाव आहे. सरळ मराठीत याला खोटी हजेरी म्हणतात. हा प्रकार इतका बोकाळला की, जून २०१८ मध्ये राज्य शासनाला विज्ञान शाखेच्या कनिष्ठ महाविद्यालयांत बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढावा लागला. सोळा वर्षांच्या मुलाचा बोटाचा ठसा घेऊन तो वर्गात आहे की नाही हे शासनाने तपासावे, अशी पाळी ज्या समाजावर येते त्या समाजाने स्वतःला सुसंस्कृत म्हणविताना क्षणभर तरी थांबावयास हवे.

या उपनगरांतील महाविद्यालये कोणी उभी केली? विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक आणि नामजोशी यांनी १८८० साली पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल काढले. त्यातून १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी आणि पुढच्याच वर्षी फर्ग्युसन महाविद्यालय उभे राहिले. परकीय सत्तेच्या शिक्षणाला स्वदेशी पर्याय देण्याची ती जिद्द होती. लोकमान्यांच्या निधनानंतर वर्ष सरते न सरते तोच, १९२१ साली, पार्ल्यात त्यांच्या नावाने विद्यालय निघाले. १९५९ साली पार्ल्याला महाविद्यालय मिळाले. ठाण्यात १९३५ साली स्थापन झालेल्या विद्या प्रसारक मंडळाने डॉ. वा. ना. बेडेकरांच्या नेतृत्वाखाली खाडीकाठी ज्ञानसंकुल वसविले. मुलुंडला १९८४ साली केळकर ट्रस्टचे महाविद्यालय आले. नोकरदारांनी, वकिलांनी, डॉक्टरांनी, लहानमोठ्या उद्योजकांनी पदराला खार लावून या परंपरेला हातभार लावला, तो आपल्या मुलांना गाव सोडून फोर्टापर्यंत धावावे लागू नये म्हणून. त्याच पिढीची नातवंडे आज महाविद्यालयाकडे केवळ परीक्षेच्या अर्जावरील एक शिक्का म्हणून पाहतात. १९९९ साली ज्या डोंबिवलीने गुढीपाडव्याच्या स्वागतयात्रेची प्रथा साऱ्या महाराष्ट्राला दिली, तेथेही चित्र वेगळे नाही. फेटा बांधून यात्रेत अग्रभागी चालणारा गृहस्थ जूनमध्ये क्लासच्या दारात धनादेश घेऊन उभा असतो.

पालकांची बाजू अगदीच पोकळ आहे असे नाही. बारावीच्या गुणांना व्यावसायिक प्रवेशात पूर्वीचे मोल उरलेले नाही. राज्याची सीईटी असो वा ‘नीट’, गुणवत्तायादी त्या एका परीक्षेवर लागते. बारावीला किमान पात्रतेपुरते गुण मिळविले की भागते. ‘जेईई मेन’च्या क्रमवारीत काही वर्षे बोर्डाच्या गुणांना चाळीस टक्के भार होता, तोही २०१७ पासून गेला. ज्या परीक्षेला किंमत नाही तिची तयारी करून घेणाऱ्या वर्गात मुलाने का बसावे, हा बापाचा प्रश्न व्यवहारी आहे. पण व्यवहार म्हणून तरी तो पुरता तपासावा. सोळा ते अठरा हे वय मुलाला समाज पहिल्यांदा दिसण्याचे असते. राष्ट्रीय छात्र सेनेची पहाटेची कवायत, सेवा योजनेचे खेड्यातील शिबिर, वक्तृत्वाचा फड, एकांकिकेच्या तालमी, संघस्थानावरील सायंकाळ, वेगळ्या जातीचा आणि वेगळ्या ऐपतीचा बाकावरचा सोबती हे सारे त्या दोन वर्षांत घडते. क्लासमध्ये सोबती नसतो, स्पर्धक असतो. तुकडीही चाचणीच्या गुणांवर ठरते. मुलगा दोन वर्षे कोठे दिसला नाही म्हणून कार्यकर्ते चौकशी करतात तेव्हा आई अभिमानाने सांगते, “त्याचे बारावीचे आहे ना!” या वाटेचे टोक राजस्थानातील कोट्यात दिसले. २०२३ या एका वर्षात तेथे वीसहून अधिक विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. त्यानंतर जानेवारी २०२४ मध्ये केंद्राने सोळा वर्षांखालील मुलांना क्लासमध्ये प्रवेश देऊ नये अशा मार्गदर्शक सूचना काढल्या. तेवढी वाट पाहावी लागली!

यापेक्षाही बोचणारी गोष्ट निराळीच आहे. इतिहासाची पाठ्यपुस्तके डाव्यांनी लिहिली, शिवरायांना चार ओळी आणि मोगलांना प्रकरणे दिली, हा संताप राष्ट्रीय विचाराच्या घरांत गेली चार-पाच दशके व्यक्त होत आहे आणि तो सकारण आहे. पण त्या घरांतील किती मुलांनी पसंतीक्रमात कला शाखा लिहिली? नव्वद टक्के मिळविलेली मुलगी इतिहास वा संस्कृत शिकावयाचे म्हणते तेव्हा घरावर अवकळा येते. मामा-काकांची बैठक बसते. फारसी आणि मोडी वाचणारे, अभिलेखागारात धूळ खात बसणारे अभ्यासक आकाशातून पडावयाचे काय? विद्यापीठांतील आसने रिकामी सोडावयाची आणि त्यांवर दुसरा बसला की हाकाटी करावयाची, याला वैचारिक संघर्ष म्हणत नाहीत. संस्कृतचेच पाहा. दहावीला शंभरपैकी शंभर मिळतात म्हणून गीर्वाणवाणीवर प्रेम उफाळून येते. अकरावीला तिच्या जागी माहिती तंत्रज्ञान घेता येते असे कळताच ते प्रेम एका रात्रीत आटते. मेकॉलेला १८३५ सालापासून शिव्या देता येतात. हा निर्णय मात्र मेकॉलेने घेतलेला नसतो.

राहिला ‘टाऊन’चा सोस. डोंबिवलीहून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस सुमारे ४८ किलोमीटर. तेथील नामांकित महाविद्यालयाचे ओळखपत्र गळ्यात पडावे म्हणून मुले रोज लोकलच्या दाराशी लोंबकळतात. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ दारात उभे असलेले प्रवासी गाडीबाहेर फेकले जाऊन मरण पावले. त्या गर्दीत आपल्या पोराला कशासाठी ढकलतो, हे प्रत्येक घराने स्वतःला विचारावे. जो विषय घराजवळ मिळतच नाही त्यासाठी ही पायपीट क्षम्य आहे. केवळ इंग्रजी वळणाचे मित्र मिळावेत म्हणून असेल तर नाही.

संस्थाचालकांनी मात्र या लेखाने हर्षित होण्याचे कारण नाही. रिकाम्या वर्गांचे पाप त्यांच्याही पदरी आहे. अनुदानित जागा वर्षानुवर्षे भरावयाच्या नाहीत, तासिका तत्त्वावर तरुण प्राध्यापकांना राबवावयाचे, प्रयोगशाळेतील तराजूला गंज चढू द्यावयाचा आणि विनाअनुदानित अभ्यासक्रमांच्या जाहिरातींवर खर्च करावयाचा, हे चिपळूणकरांचे नाव घेणाऱ्यांना शोभत नाही. काहींनी तर क्लासवाल्यांशीच संधान बांधले आहे. क्लासला विद्यार्थ्याची मान्यताप्राप्त हजेरी हवी आणि संस्थेला भरलेला पट हवा, असा तो सौदा. अशा संस्थांच्या विश्वस्त मंडळांत राष्ट्रीय विचाराची माणसे असतील तर त्यांनी आधी आपले हजेरीपट उघडावेत.

प्रवेश परीक्षांची तयारी महाविद्यालयातच, नियमित तासांनंतर, रास्त शुल्कात करून घेणे अशक्य नाही. निवृत्त प्राध्यापक, अभियंते, डॉक्टर या उपनगरांत गल्लोगल्ली आहेत. सायंकाळचे दोन तास देण्यास त्यांतील अनेकजण आनंदाने तयार होतील, पण त्यांना बोलवावयास जाणारा कोणी हवा. निकाल लागण्यापूर्वीच नगरातील कार्यकर्त्यांनी दहावीच्या दहा घरी जाऊन बसावे, मुलांना आणि पालकांना जवळच्या महाविद्यालयाची प्रयोगशाळा व ग्रंथालय प्रत्यक्ष दाखवावे, आणि तेथील प्राचार्यांना सर्वांसमक्ष विचारावे की येत्या वर्षी भौतिकशास्त्र कोण शिकविणार आहे.