‘टाय’चे अर्थ किती?

‘टाय’ म्हटलं की मुलांना गणवेशातला टाय आठवतो. पण ‘टाय युवर लेसेस’ म्हणजे बुटाच्या नाड्या बांध. 2019 च्या क्रिकेट विश्वचषकाचा अंतिम सामना टाय झाला, कारण दोन्ही संघांच्या धावा सारख्याच, 241. ‘फॅमिली टाइज’ म्हणजे नात्यांचे बंध. मग वहीत ‘टाय = बांधणे’ एवढंच दहा वेळा लिहून घेऊन काय साधतं? मराठीत आपण दोरी बांधतो, घर बांधतो, अंदाजही बांधतो. हे अर्थ मुलांनी पाठ केलेले नसतात, ऐकता-बोलताच येतात. इंग्रजीलाही तीच संधी द्या. शब्दार्थांची यादी कमी करा आणि एकाच शब्दाची चार वाक्यं मुलांकडून बोलून घ्या. पाठ केलेला अर्थ परीक्षेनंतर विसरतो, वापरलेला शब्द मात्र कायमचा आपला होतो.