समज कोणाला देणार?

गेल्या श्रावणात आमच्या मृगबागेतल्या दहा-बारा केळीच्या पानांवर पिवळे पट्टे दिसले. सावद्यात केळीवाल्याच्या घरात वाढलेल्या पोराला ते ओळखता यायला हवेत. पण मी शिकलो पुण्यात. फोटो काढला आणि फोनमधल्या एआयला विचारलं. दोन-तीन सेकंदांत उत्तर आलं: मॅग्नेशियमची कमतरता दिसते, फवारणी करा, आठवड्यानं पुन्हा पाहा. मराठी माझ्यापेक्षा शुद्ध. आप्पांना वाचून दाखवलं. आम्ही फवारलं आणि वाट पाहत बसलो.

नवव्या दिवशी शेजारचे काका बांधावर आले. पानाला हात न लावताच म्हणाले, "हा त हरण्या हाये भो. आजच उपट, नाहीतर माझीबी जाईन."

हरण्या म्हणजे सीएमव्ही, कुकुंबर मोझॅक व्हायरस. त्याच्यावर औषध नाही. मावा तो एका झाडावरून दुसऱ्यावर नेतो. रोगट झाड उपटून जाळायचं किंवा गाडायचं आणि माव्याचा बंदोबस्त करायचा, एवढंच आपल्या हातात. तोवर दहा-बाराची साठ-सत्तर झाली होती. त्यातली काही आधीच लागलेली असतील, मान्य. पण सगळी नाही.

रात्री मी फोनला हे सांगितलं. लगेच उत्तर: तुमचं बरोबर आहे, चुकीबद्दल क्षमस्व, ही लक्षणं सीएमव्हीचीच आहेत. मला राग आला होता, म्हणून खोटंच लिहिलं की आणखी एका जाणकारानं पाहिलं, मॅग्नेशियमच आहे. पुन्हा क्षमस्व. पुन्हा माझंच बरोबर.

ते चुकलं म्हणून त्याला अक्कल नाही, असलं काही मी म्हणत नाही. तो आळशी युक्तिवाद झाला. काकाही चुकतात. आणि पुढच्या वर्षी फोन हरण्या काकांच्या आधी ओळखेल, यावर मी पैज लावायला तयार आहे.

यंत्राला विचार करता येतो का, हा प्रश्नच अ‍ॅलन ट्युरिंगनं १९५० साली बाजूला सारला. त्याऐवजी पडद्याआडून, लेखी प्रश्नोत्तरं करा, म्हणाला. समोर माणूस आहे की यंत्र ते ओळखता आलं नाही तर पुढची चर्चा कशाला? १९८० साली जॉन सर्लनं उलट सांगितलं. बंद खोलीत चिनी न येणारा माणूस बसवा, हातात नियमांचं पुस्तक द्या. तो चिन्हं जुळवून बिनचूक उत्तरं बाहेर सरकवेल, पण त्याला चिनी कळलेलं नसेल. वाचताना पटतं. पण अपेक्षित प्रश्नसंच पाठ करून बोर्डात नव्वद टक्के मिळवणारी पोरं त्याच खोलीत बसलेली असतात. मीही बसलोय. आमचे फोटो क्लासच्या फ्लेक्सवर लागतात, मग यंत्रानंच काय घोडं मारलंय?

दोघांचंही सगळं लक्ष उत्तरावर. उत्तर दिल्यानंतर उत्तर देणाऱ्याचं काय होतं, हे कोणी विचारत नाही. आपल्या भाषेत समज फक्त येत नाही, ती देतातही. पोलीस समज देऊन सोडतात, तेव्हा ते माहिती देत नसतात. त्यासाठी समोर कोणीतरी लागतं, ज्याला लाज वाटेल, धाक वाटेल, ज्याचं काही जाईल. त्या रात्री मी फोनला समज द्यायलाच बसलो होतो. घ्यायला तिथे कोणी नव्हतं.

काकांचं बोलणं पुन्हा वाचा. रोगाचं नाव फोनलाही माहीत होतं. "नाहीतर माझीबी जाईन" हे मात्र त्याला म्हणता येत नाही. म्हणजे अक्षरं जुळवता येतील, पण जाण्यासारखं त्याचं काही नाही. काकांची बाग आमच्या बांधाला लागून आहे, आणि त्यांची नजर तयार झालीय ती ह्या धास्तीतून. ती काढून घ्या, उरेल ते पाठांतर. वाचनाचं म्हणाल तर असोद्याच्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. १९५२ साली, त्यांच्या मृत्यूनंतर पुस्तक आलं, तेही घरच्यांनी ओव्या उतरवून घेतल्या होत्या म्हणून. ह्या यंत्रानं तर आपण कुणीही वाचणार नाही इतकं वाचलंय.

मित्र म्हणतो, औषधाचा दुकानदार तरी कुठे शहाणा असतो? चुकीची बाटली देतो, वर पैसे घेतो. खरंय, आम्हालाही दिल्यात. पण सकाळी त्याच्या ओट्यावर जाऊन चार लोकांत आवाज चढवता येतो. त्याला ह्याच गावात पोरीचं लग्न करायचंय. फोनच्या उत्तराखाली बारीक अक्षरांत असतं, चुका होऊ शकतात, खात्री करून घ्या. म्हणजे उत्तर त्यांचं आणि जबाबदारी माझी. चुकीच्या सल्ल्यानं उपटलेल्या प्रत्येक खोडाची भरपाई कंपनीला द्यावी लागू दे, मग त्याला समज आहे का ह्यावर हवं तितकं बोलू. तोवर 'एआयला सगळं समजतं' असले स्टेटस ठेवणाऱ्यांनी निदान आपली बाग पणाला लावून ठेवावेत.

त्या दिवशी काका स्वतःच आमच्या ओळींत शिरले. अंधार पडेपर्यंत उपटत होते. आप्पांनी चहाला बोलावलं तर म्हणाले, आधी ह्या कोपऱ्यातली तीन राहिलीत.