जुन्या मोटारीची परीक्षा

गेल्या महिन्यांत पुतण्यानें जेवतांना विषय काढला कीं, आपल्या नऊ माणसांच्या घरास एक मोटार हवी. नवी परवडत नाहीं, तर वापरलेली घ्यावी. सर्वांची संमति पडली. पाहावयास मीहि येणार, असें मीं तेव्हांच सांगून टाकलें. निवृत्त शिक्षकाचें तेथें काय काम, असें वाचकांस वाटेल; म्हणून कारण आधीं सांगतों.

आठ वर्षांपूर्वीं निवृत्तीच्या पैशांतून मीं एक जुनी मोटार घेतली होती. रंग आरशासारखा, गाद्या नव्या, आंकडा अवघा ४० हजार किलोमीटरांचा. मी गेलों तेव्हां इंजिन चालूच होतें. “मास्तर, आवाज तरी येतो का पाहा,” असें विकणारा म्हणाला, आणि खरोखरच येत नव्हता. दोन महिन्यांनीं साताऱ्याहून थोरल्या बंधूंची प्रकृति एकाएकीं बिघडल्याची वार्ता आली. आम्ही रात्रींच पुण्याहून निघालों. खंबाटकीच्या चढावर इंजिन तापलें, वाफेचा लोट उठला आणि गाडी उभी राहिली. दुसरें वाहन मिळेपर्यंत चार तास गेले. साताऱ्यास पोहोंचलों, तों दादा गेले होते. त्यानंतर वहिनी व त्यांचा मुलगा आमच्याकडेच राहावयास आले. आज मोटार घेऊं म्हणणारा पुतण्या तो हाच. त्या रात्रीबद्दल त्यानें मला आजवर एका शब्दानेंहि विचारलेलें नाहीं.

तीस वर्षें मीं मुलांच्या परीक्षा घेतल्या. तपासणीच्या दिवसापुरतें घोटलेलें उत्तर कोणतें आणि रोजच्या अभ्यासाचें कोणतें, हें मला कळत असे. मोटारीच्या बाबतींत मात्र मीं घोटलेलें उत्तर ऐकून पूर्ण गुण दिले. मी येण्यापूर्वींच विकणारानें इंजिन तापवून ठेविलें होतें. तापलेल्या इंजिनांत धातु प्रसरण पावतो, झिजेनें पडलेल्या फटी कांहीं अंशीं बुजतात, आणि थंडपणीं होणारा खडखडाट लोपतो. सोनें तापवून पारखावें हें खरें. इंजिन मात्र थंड असतां पारखावें.

जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञानें १९७० सालीं जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध लिहिला. २००१ सालीं अर्थशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालेल्या तिघांपैकीं तो एक होय. त्याचें म्हणणें थोडक्यांत असें: मालाचा गुण विकणारास ठाऊक आणि घेणारास अज्ञात असला, म्हणजे चांगला माल बाजारांतून हळूहळू नाहींसा होतो. तेव्हां आपलें अज्ञान शक्य तितकें कमी करणें, हाच घेणाराचा उपाय.

आम्हीं ठरविलेला क्रम असा. मालकास आदल्या दिवशींच सांगावें कीं, आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करूं नका. गेल्यावर प्रथम बॉनेटवर हात ठेवावा. ऊब लागल्यास नमस्कार करून परत यावें. नंतर डिपस्टिक काढून ऑईलची पातळी पाहावी. डिझेलच्या गाडींत ऑईल काळें दिसतें, त्यानें बिचकूं नये. परंतु ऑईल दुधाळ झालें असेल, तर त्यांत पाणी शिरलें आहे, म्हणजे बहुधा हेड गास्केट गेलें आहे, असें समजावें. कूलंटची पातळीहि याच वेळीं पाहावी. तापलेल्या रेडिएटरचें झाकण कधींहि उघडूं नये.

मग किल्ली फिरवावी, पण इंजिन सुरू करूं नये. ऑईलचा व इंजिनाचा इशारा देणारे दिवे या वेळीं लागले पाहिजेत आणि इंजिन सुरू होतांच विझले पाहिजेत. मुळींच न लागणारा दिवा हा निरोगीपणाचें लक्षण नव्हे. कोणी तो मुद्दाम बंद केलेला असूं शकतो.

इंजिन सुरू होतांना एकानें मागें उभें राहून धूर पाहावा. गार सकाळीं दिसणारी विरळ पांढरी वाफ थोड्या वेळांत जाते, ती निरुपद्रवी. दाट पांढरा धूर येतच राहिला, तर कूलंट जळत आहे. निळा धूर म्हणजे ऑईल जळत आहे: सुरुवातीस येऊन गेला, तर दोष बहुधा व्हॉल्व्हच्या सीलांचा, चढावर जोर देतांना येत राहिला, तर पिस्टनच्या रिंगा झिजल्याचा संशय घ्यावा, आणि तें काम खर्चाचें. त्यानंतर निदान अर्धा तास गाडी चालवावी, एखादा चढ चढवावा, आणि तापमानाचा कांटा पाहात राहावें.

किलोमीटरांचा आंकडा मागें नेतां येतो; म्हणून ऑईल बदलल्याच्या पावत्या मागाव्या. इंजिनास टायमिंग बेल्ट असेल, तर तो केव्हां बदलला तें विचारावें. तो तुटल्यास पुष्कळ इंजिनांत पिस्टन व व्हॉल्व्ह एकमेकांवर आदळतात. २००५ च्या जुलैंत मुंबईस आणि २०१९ च्या ऑगस्टांत कोल्हापूर-सांगलीस महापूर आला, तेव्हां असंख्य मोटारी बुडाल्या. पाणी दाबलें जात नाहीं; तें सिलिंडरांत असतां इंजिन फिरविलें, तर पिस्टनचा दांडा वाकतो. म्हणून गालिच्याखालीं गाळ व आसनांच्या बोल्टांवर गंज आहे का, तें पाहावें. शेवटीं आपला मेकॅनिक नेऊन सर्व सिलिंडरांचें कॉम्प्रेशन मोजवावें. तें सारखें असणें महत्त्वाचें.

आम्हीं तीन गाड्या पाहिल्या. पहिलीचा रंग झगझगीत होता; बॉनेटहि ऊन होतें. दुसरीचा धूर निळा. तिसरीचा रंग उडालेला, एका दारास पोंचा. पण मालकानें पावत्यांचा गठ्ठाच पुढें ठेविला, आणि इंजिन पहिल्या किल्लीस सुरू झालें. तीच घेतली.

गेल्या रविवारीं वहिनींस घेऊन आम्ही साताऱ्यास गेलों. खंबाटकीचा चढ लागला, तेव्हांपासून माझी दृष्टि कांट्यावर होती. तो मध्यावरून हलला नाहीं. माथ्यावर आल्यावर पुतण्या हळूच म्हणाला, “काका, आतां बाहेर पाहा.”