नातू कोणाच्या वाट्याला?



गेल्या महिन्यात डहाणूस प्रवचन संपल्यावर तलासरीच्या एका परिचित व्यापाऱ्यांनी मला बाजूला बोलावले. पुत्र व सून यांचा घटस्फोटाचा दावा उभा राहिला आहे. चार वर्षांचा नातू आईसमवेत सीमेपलीकडे उंबरगावला, आजोळी आहे. ते म्हणाले, "नातू आमच्या घराण्याचा, उद्या पेढी त्यानेच सांभाळायची. न्यायालय त्याला आमच्याकडेच देईल ना? की तोवर गाडी पाठवून घेऊनच यावे?" त्यांच्या अनुमतीने, नाव न घेता, माझे उत्तर येथे देतो.

या बाबतीत आपणा जैनांना १९५५ चा हिंदू विवाह कायदा आणि १९५६ चा हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा लागू आहे. दुसऱ्या कायद्याच्या कलम ६ नुसार पाच वर्षांखालील मुलाचा ताबा सामान्यतः आईकडे असतो. कलम १३ त्याहून व्यापक आहे : मुलाचे हित हाच सर्वोच्च विचार. घराण्याचे नाव, पेढी, संपत्ती यांचे स्थान त्यानंतरचे. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश सर जॉन बोमंट यांनी हेच तत्त्व स्वातंत्र्यपूर्व काळात मांडले होते : पाहायचे ते पित्याचे हित नव्हे, मातेचेही नव्हे, केवळ बालकाचे.

गोव्यातील एका प्रकरणात खालच्या न्यायालयाने तान्ह्या मुलाचा अंतरिम ताबा आईला दिला, उच्च न्यायालयाने तो पित्याला दिला. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो पुन्हा आईकडे सोपवला. एवढ्या लहान मुलाची आई अपात्र आहे, हे सिद्ध करण्याचा भार पित्यावर असतो, असे न्यायालयाने स्पष्ट केले. पित्याचा भेटीचा अधिकार मात्र कायम राखला.

मूल मोठे असेल, तर न्यायालय त्याची शाळा, प्रकृती, सवयी, घरातील वातावरण आणि प्रत्यक्ष देखभाल कोण करते हे पाहते. मूल समंजस असेल, तर न्यायाधीश त्याच्याशी एकांतात बोलून त्याची इच्छाही विचारात घेतात. ताब्याचा आदेश कायमचा नसतो. परिस्थिती पालटली की तो पालटता येतो.

आता गाडी पाठवण्याविषयी. पालकत्वाचा अर्ज मूल जेथे सामान्यतः राहते, तेथील जिल्हा न्यायालयात करावा लागतो. मुलाला परस्पर उचलून आणल्याने हक्क बळकट होत नाही. उलट न्यायाधीशांच्या मनात आपल्याविषयी शंका निर्माण होते. मुलाच्या मनात जी भीती बसते, ती तर कोणत्याही आदेशाने पुसली जात नाही.

त्याऐवजी भेटीचे वेळापत्रक दोन्ही बाजूंनी लेखी ठरवून न्यायालयापुढे ठेवावे. महिन्यातील कोणते शनिवार-रविवार, उन्हाळी सुट्टीचे किती दिवस, पर्युषण व दिवाळी कोणाकडे, मुलाला कोण व कोठून नेणार, शुल्क कोण भरणार, हे सर्व त्यात असावे. व्हिडिओ कॉलची वेळही लिहावी. मुलाला दोन्ही पालकांचा सहवास मिळावा आणि दूरच्या पालकाशी असा संपर्क राहावा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये म्हटले आहे. ज्यांच्याकडे मूल आहे, त्यांनीही पोटगी थकली म्हणून भेट अडवू नये. पोटगीच्या वसुलीला वेगळा मार्ग आहे. हुकलेला रविवार मात्र परत मिळत नाही.

मी त्या गृहस्थांना इतकेच म्हटले, "शेठजी, आपण अपरिग्रहाचे व्रत धनाच्या मर्यादेपुरते मानतो. नातवावरही मालकी सांगू नका. त्याला आजोबा हवे आहेत, आणि आईही हवी आहे." ते बराच वेळ गप्प बसले. मग त्यांनी विचारले, "उंबरगावला व्याह्यांना मीच फोन केला तर चालेल?"

अवश्य चालेल. वकिलाच्या नोटिशीपूर्वी असा एक फोन झाला, तर पुढची अनेक वर्षे सुसह्य होतात.

जय जिनेंद्र.